वाल्डेमार हाफकिन : देहाला रक्षणाचे शिक्षण देणारा संशोधक

केज परिसरात शेतात कोणास सर्पदंश झाला, म्हणजे रुग्णालयात प्रतिविष टोचले जाते. अशा प्रतिविषामुळे आणि पोलिओच्या डोसामुळे 'हाफकिन' हे नाव महाराष्ट्रात परिचित आहे. मात्र त्या नावामागील माणूस विस्मृतीत गेला. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनी व पालकांनी जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. विद्वत्ता असूनही प्राध्यापकपदासाठी धर्म बदलण्याची अट त्यांच्यापुढे आली आणि ती त्यांनी नाकारली. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणारी व्यवस्था केवळ आपल्याच देशात नव्हती, हे यावरून ध्यानी येते. त्यांचे गुरू मेचनिकोव्ह यांनी शरीरातील काही पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हे दाखवून दिले होते. पुढे गुरुशिष्य दोघेही पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. हाफकिन यांना आरंभी ग्रंथालयात साहाय्यकाचे काम मिळाले. 1892 मध्ये त्यांनी पटकीची लस सिद्ध केली व ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

1896 मध्ये मुंबईत प्लेगचा उद्रेक झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत हाफकिन यांनी प्लेगचे जंतू वाढविले, उष्णतेने मारले आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती लसही स्वतःवरच आजमावली. मृत जंतू रोग देत नाहीत. परंतु शरीर त्यांची ओळख पटवून घेते, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते आणि ती ओळख स्मृतिपेशींत जपून ठेवते. खरा शत्रू आला, म्हणजे सज्जता आधीच झालेली असते. भायखळ्याच्या तुरुंगातील प्रयोगात लस घेतलेल्यांमध्ये प्लेगचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, 10 मार्च रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. ज्ञान जन्माला येणे आणि ते गोरगरिबांच्या दारी पोहोचणे, यांतील अंतर किती जीवघेणे असते!

1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एका बाटलीतील लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या माथी आला व त्यांना पदावरून दूर करण्यात आले. बाटली गावात उघडताना जंतुसंसर्ग झाला असावा, असे पुरावे सुचवीत होते. तरी दोषमुक्तीसाठी 1907 साल उजाडावे लागले. 26 ऑक्टोबर 1930 रोजी लोझान येथे त्यांचे देहावसान झाले. तत्पूर्वी, 1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले होते. त्याच परळमधील ज्या बी. आय. टी. चाळीत बाबासाहेबांचे दीर्घकाळ वास्तव्य होते, ती बांधणारा ट्रस्टही प्लेगनंतरच्या नगरसुधारणेतूनच जन्मला होता.

शरीराची ही रक्षणव्यवस्था कधी चुकतेही. स्वतःच्याच पेशींवर उलटून बालवयात मधुमेह आणते. म्हणून तिच्याविषयी श्रद्धा नव्हे, ज्ञान हवे. ज्या धनुर्वाताने हाफकिन यांच्या कीर्तीस ग्रहण लागले, त्याच्यावरील लस आज दहाव्या व सोळाव्या वर्षी मुलांना दिली जाते. पालकांनी ती चुकवू नये, एवढीच आमची विनंती.