नरहरी सोनार महाराज

नामदेवरायांच्या काळी, १३ व्या-१४ व्या शतकांत, पंढरपुरात नरहरी सोनार राहत. कडवे शैव. राहणे पंढरीत, पण राउळाचा कळससुद्धा दृष्टीस पडू नये म्हणून मान खाली घालून चालायचे, असे सांगतात.

एका सावकाराने विठ्ठलाला सोन्याचा करगोटा नवसला होता. काम आले नरहरींकडे. देवळात पाऊल टाकणार नाही म्हणाले नि माप मागवून घेतले. करगोटा एकदा सैल झाला, एकदा आखूड. अखेर डोळ्यांना पट्टी बांधून गेले. हाताला लागली पाच मुखे, सर्प, व्याघ्रांबर. पट्टी काढतात तो विटेवर विठ्ठल! पुन्हा बांधली, पुन्हा शंकर. मग मात्र पट्टी फेकली.

कीर्तनात ही कथा निघाली की आम्ही वारकरी मंडळी खुशीत येतो, जणू शैवाला हरवले! तसे नाही हो. नरहरींनी शंकर टाकला नाही. दुसरा देव परका मानणे तेवढे टाकले. ती पट्टी गावोगाव आपल्याही डोळ्यांवर आहेच की. एरवी एकादशीबरोबर सोमवारही आपण धरतो, आणि विठ्ठलाच्या मस्तकी शिवलिंग आहे असेही आपणच सांगतो.

नरहरींची पुण्यतिथी माघ वद्य तृतीयेला असते.