फाळके, इंद्रवेल्ली आणि माझी वही

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक धंदा सुरू केला आणि दोन महिन्यांत बुडवला. इंद्रवेल्ली म्हणजे आदिलाबादहून उटनूरकडे जाताना लागणारं आमचं गाव. घरात मराठी, बाजारात तेलुगू, गोंडी, हिंदी सगळंच. एप्रिल-मे म्हणजे लग्नाचे दिवस. मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी मिळून जुना कॅमेरा घेतला आणि फोटोच्या ऑर्डरी घ्यायला लागलो. तिसऱ्याच लग्नात हळदीचे सगळे फोटो असलेलं कार्ड बिघडलं. दुसरीकडे कॉपी केलेली नव्हती. मुलीच्या वडिलांनी उरलेले पैसे दिले नाहीत, घेतलेला ॲडव्हान्सही परत मागितला. काय ठरलं होतं ते कागदावर कुठेच नव्हतं. मग कॅमेरा कुणाचा, नुकसान कुणाचं, यावरून आम्हा दोघांचंही वाजलं. अजून तो माझ्याशी नीट बोलत नाही.

जूनमध्ये कॉलेजात परत आले तेव्हा मंडळाच्या अंकासाठी एका थोर माणसाचं चरित्र लिहायला सांगितलं होतं. मी दादासाहेब फाळके निवडले. खरं कारण जरा वेगळं होतं. लहानपणी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये पवित्र सप्ताहात पडद्यावर येशूच्या जीवनाचा सिनेमा दाखवत. असाच एक सिनेमा बघून भारतातला पहिला कथापट सुचला, हे कळलं तेव्हाच मला हा माणूस आपल्या ओळखीतला वाटायला लागला होता. पण वाचत गेले तसं लक्षात आलं की सिनेमाच्या आधीचे फाळके जास्त कामाचे आहेत. कारण त्या आधी ते जवळजवळ पंधरा वर्षं तेच करत होते जे मी दोन महिने केलं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईला विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली म्हणून घर मुंबईला आलं. मुलगा 1885 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, पुढे बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, जे समोर येईल ते शिकत गेला. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांच्याकडे स्किल्स भरपूर होत्या, पक्कं गिऱ्हाईक मात्र नव्हतं.

फोटोग्राफर म्हणून त्यांनी गोध्र्याला बस्तान बसवलं. तिथे प्लेगने पहिली बायको आणि मूल नेलं. बडोद्याला परत येऊन पुन्हा स्टुडिओ थाटला, तर लोकांत बोलवा पसरली की कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, आयुष्य कमी होतं. धंदा बसला. हे वाचून मला आमच्याकडची केसलापूरची नागोबाची जत्रा आठवली. पौष अमावास्येला मेसराम कुळाचे लोक तिथे पूजेला येतात. तिथे मी एका म्हाताऱ्या आजीवर कॅमेरा रोखला तर तिने पदर तोंडावर ओढला. मला तेव्हा राग आला होता. गिऱ्हाइकाची भीती खोटी असली तरी तिच्यामुळे होणारा तोटा खरा असतो, हे फाळक्यांना माझ्या सव्वाशे वर्षं आधी कळलेलं होतं. मग ते नाटकाचे पडदे रंगवायला लागले. एका जर्मन जादूगाराकडून जादूचे प्रयोगही शिकले. ती जादू पुढे वाया गेली नाही. पडद्यावरचे चमत्कार त्यांना कुणाच्या आधी जमले ते त्यामुळेच.

1903 मध्ये त्यांनी पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी धरली आणि तीन वर्षांनी सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, राजा रविवर्मा प्रेससाठी कामं केली. छापखाना पुढे दादरला आला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाला. रंगीत छपाई शिकायला 1909 मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. काम उत्तम होतं, नाव होतं. आणि मग भागीदारांशी बिनसलं. फाळके स्वतः उभा केलेला छापखाना सोडून बाहेर पडले. हातात काही नाही, वर डोळ्यांचा त्रास सुरू झाला. बायको सरस्वतीबाई आणि पोरं घरात. वय चाळिशीचं.

1911 च्या सुमारास गिरगावातल्या एका सिनेमाच्या तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि यांच्या डोक्यात राम, कृष्ण चालायला लागले. पुढच्या दिवसांत मुंबईत लागेल तो सिनेमा ते बघत सुटले. मला यात विचित्र वाटत नाही. आपली श्रद्धा हलत्या चित्रात बघितली की आत काय होतं हे मला हॉलमधल्या त्या पडद्यासमोर कळलेलं आहे.

पण इथून पुढे फाळके बदललेले दिसतात, आणि माझ्यासाठी खरं चरित्र इथे सुरू होतं. आधीच्या वेळी ते धंद्यात उडी घेत आणि मग शिकत. यावेळी आधी शिकले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी 1912 मध्ये लंडनला गेले. बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत थेट जाऊन संपादक कॅबर्न यांना भेटले. त्यांनी आधी या फंदात पडू नका असंच सुचवलं, पण माणूस हटत नाही बघून सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत पाठवलं. तिथे कॅमेरा चालवण्यापासून फिल्म धुण्यापर्यंत सगळं बघून घेतलं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र घेऊन एप्रिलमध्ये ते मुंबईत परतले.

दुसरी गोष्ट मला फारच आवडली. कुणी पैसे लावावेत म्हणून त्यांनी नुसती योजना सांगितली नाही. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर ठेवला आणि महिनाभर एकेक चौकट घेत राहिले. पडद्यावर तो अंकुर मिनिटभरात वर येऊन वेल झाला. या छोट्या फिल्मचं नाव अंकुराची वाढ. ती बघितल्यावर कर्ज मिळालं. आज आपण याला सॅम्पल म्हणतो. बडोद्याला लोकांना कॅमेऱ्याची भीती वाटली तेव्हा समजावून भागलं नव्हतं. इथे त्यांनी समजावलं नाही, दाखवलं.

मग राजा हरिश्चंद्र. बायका काम करायला तयार होईनात, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके, ते एका खाणावळीत स्वयंपाकी होते. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. सरस्वतीबाई सगळ्या कंपनीचा स्वयंपाक करायच्या, उन्हात चादरी धरून उजेड वळवायच्या, रात्री फिल्मला भोकं पाडायच्या. त्यांचे दागिनेही या कामी गेले. सुमारे सात महिने चाललेलं हे काम 3700 फुटांत मावलं आणि 3 मे 1913 ला मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागलं. चालला. लोकांनी गर्दी केली.

चरित्र इथे संपवलं असतं तर छान झालं असतं. पण पुढचं लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. नंतर ते नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई या मायलेकींना त्यांनी पडद्यावर आणलं. महायुद्धात पैशाची ओढाताण झाली, तरी 1917 चा लंकादहन तुफान चालला. अण्णा साळुंके त्यात रामही होते आणि सीताही. 1918 मध्ये भांडवलदारांबरोबर हिंदुस्तान फिल्म कंपनी निघाली. श्रीकृष्ण जन्म, कालिया मर्दन आले. आणि पुन्हा तेच. त्यांना हवं तसं काम करायचं होतं, भागीदारांना हिशेब हवा होता. फाळके कंपनी सोडून काशीला निघून गेले, तिथे रंगभूमी हे नाटक लिहिलं. काही काळाने परत आले, पण आता मालक म्हणून नाही. सिनेमा बोलू लागला तोवर त्यांचा काळ सरला होता. 1937 चा गंगावतरण हा त्यांचा शेवटचा आणि पूर्ण बोलका चित्रपट. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकला ते गेले तेव्हा जवळ फारसं काही नव्हतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो 1969 मध्ये.

म्हणजे हातातल्या कामाची प्रत्येक चूक फाळके एकदाच करत. कॅमेरा, छपाई, गिऱ्हाईक, सॅम्पल, सगळं सुधारत गेले. भागीदारीची चूक मात्र त्यांनी दोनदा केली. छापखान्यात जे झालं तेच कंपनीत. मला आधी वाटलं होतं की यात दोष पैसेवाल्यांचाच. आता तसं वाटत नाही. खर्च किती, निर्णय कुणाचा, भांडण झालं तर काय, हे सुरुवातीलाच बसून ठरवायला लागतं. चांगलं काम करणाऱ्याला ते बोलणं जिवावर येतं. मला आलं होतं. भावाशी कसला करार करायचा, असं वाटलं होतं.

डिसेंबरात नाताळला घरी गेले तेव्हा एक वही घेतली. पहिल्या पानावर कार्डाची कॉपी त्याच दिवशी दोन ठिकाणी करायची, हे लिहिलं. दुसऱ्यावर ॲडव्हान्स किती, फोटो किती, काम बिघडलं तर पैसे कसे परत, हे छापून दोघांच्या सह्या घ्यायच्या, ते लिहिलं. तिसरं पान कोरं ठेवून मावसभावाकडे गेले. त्याने चहा विचारला नाही, पण वही घेतली आणि कॅमेऱ्यात त्याचे किती पैसे आहेत ते स्वतःच्या हाताने लिहिलं. माझ्या हिशेबापेक्षा आकडा दीड हजाराने जास्त होता. मी वाद घातला नाही, खाली सही केली.

जानेवारीत एका बाप्तिस्म्याची ऑर्डर मिळाली. फोटो काढायला आम्ही दोघं गेलो होतो.