शाळेचीच परीक्षा घेणारी डॉक्टर

नवे शैक्षणिक वर्ष जवळ आले, की गल्लोगल्लीच्या फाटकांवर ‘मॉण्टेसरी’ हा शब्द ताज्या रंगात दिसू लागतो. आपल्याकडच्या तीन पिढ्यांनी तो बालवाडीचे दुसरे नाव म्हणूनच वापरला. आजोबा नातवाला मॉण्टेसरीत सोडायला जातात, सून मॉण्टेसरीची फी भरून येते. पण हे एका स्त्रीचे आडनाव आहे, ती मुळात शिक्षिका नसून डॉक्टर होती, आणि मुलांची परीक्षा घेणाऱ्या शाळेलाच तिने एके दिवशी परीक्षेला बसवले, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

मारिया मॉण्टेसरीचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतल्या क्यारावाले या लहानशा गावी झाला. वडील सरकारी अधिकारी, जुन्या वळणाचे. आई वाचनवेडी. मारिया ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती पाच वर्षांची असताना कुटुंब रोमला आले. तेराव्या वर्षी मुलांच्या तांत्रिक शाळेत जाण्याचा हट्ट तिने धरला, इंजिनियर होण्याची स्वप्ने पाहिली आणि शेवटी वळली ती वैद्यकाकडे. मुलग्यांच्या बरोबरीने शवविच्छेदन करणे मुलीला शोभत नाही, म्हणून वर्ग संपल्यावर एकटीने प्रेतागारात थांबून तिला तो अभ्यास पुरा करावा लागला. १८९६ साली ती रोमच्या विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. अशा स्त्रिया तेव्हा इटलीत बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

डॉक्टर म्हणून तिची गाठ पडली ती वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेल्या मुलांशी. त्या काळी त्यांना सरसकट मंदबुद्धी म्हणत. मारियाला वाटले, हा प्रश्न औषधापेक्षा शिक्षणाचा अधिक आहे. इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांसाठी केलेले काम तिने मुळातून वाचले. १९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी संस्था निघाली आणि तिच्या दोन संचालकांपैकी एक मारिया होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती मुलांत बसे. हाताने चाचपण्याची अक्षरे, लाकडी आकार, ओवायचे मणी देऊन पाही, काय जमते आणि कुठे अडते ते टिपून ठेवी.

आणि मग तिने एक धाडस केले. यातल्या काही मुलांना तिने साध्या शाळांतल्या मुलांबरोबर सरकारी परीक्षेला बसवले. ती मुले पास झाली. रोमभर कौतुक झाले. मारिया मात्र या चमत्काराने हुरळली नाही. तिच्या मनात वेगळाच प्रश्न उभा राहिला. ज्यांना सगळ्यांनी टाकून दिले होते ती मुले जर इथवर येतात, तर धडधाकट मुलांना आपल्या शाळा इतक्या खालच्या पायरीवर का अडवून ठेवतात? निकाल मुलांचा लागला होता, पण नापास ठरली होती ती शाळा.

प्रश्न बिनतोड होता. तरी त्याला एक फट होती. या यशाचे श्रेय लाकडी साहित्याला द्यायचे, की दिवसभर मुलांजवळ बसणाऱ्या एका असामान्य बाईला? शिक्षणाची कुठलीही नवी पद्धत निघाली, की हाच प्रश्न येतो. नव्या पद्धतीबरोबर नवा उत्साह येतो, हौशी शिक्षक येतात, जागरूक पालक येतात. मुले पुढे गेली तर ती नक्की कशामुळे गेली, हे वेगळे काढायचे कसे?

दरम्यान तिच्या खासगी आयुष्यात एक गोष्ट घडून गेली होती. सहकारी डॉक्टर मोन्तेसानो यांच्यापासून तिला १८९८ साली मुलगा झाला. त्याचे नाव मारिओ. लग्न केले असते तर काम सोडून घरी बसावे लागले असते. लग्नाशिवाय मूल जवळ ठेवले असते तर समाजाने काम करू दिले नसते. मारिओला खेड्यातल्या एका दाईकडे ठेवण्यात आले. पुढे मोन्तेसानोंनी दुसरीशी लग्न केले आणि १९०१ मध्ये मारियाने ती संस्था सोडली. जगभरच्या मुलांना जवळ करणाऱ्या या बाईला स्वतःच्या मुलाला मात्र भेटीपुरतेच पाहावे लागले.

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत ‘बालकांचे घर’ उघडले. आईबाप कामावर गेल्यावर पोरे नव्या इमारतींच्या भिंती खराब करतात, म्हणून बांधकाम करणाऱ्या संस्थेनेच त्यांना एका खोलीत सांभाळायचे ठरवले होते. पन्नासेक मुले होती. मारियाबाईंनी आपले साहित्य तिथे आणून ठेवले आणि त्या पाहत राहिल्या. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या भोकांत लहानमोठ्या दट्ट्या बसवत होती, काढत होती, पुन्हा बसवत होती. मारियाबाईंनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली. तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. मुलीने ठोकळा मांडीवर घेतला आणि काम चालूच ठेवले. चाळीसहून अधिक वेळा तेच केल्यावर ती प्रसन्न मुद्रेने थांबली. लहान मुलांचे लक्ष टिकत नाही हा समज तपासून पाहण्याची ही त्यांची रीत होती. महागडी खेळणी मुलांनी बाजूला टाकली, तेव्हा त्यांनी ती उचलून ठेवली. काय राहील आणि काय जाईल, ते मुलांच्या वागण्यावरून ठरे. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटे फिरवणारी चार-पाच वर्षांची मुले काही महिन्यांत आपली आपण लिहू लागली.

१९०९ मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि पाहता पाहता नाव जगभर झाले. १९१३ अखेर त्या अमेरिकेला गेल्या. १९१५ च्या सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग उभारून लोकांना मुले काम करताना दाखवण्यात आली. पण काचेतून पाहणे वेगळे आणि तपासणे वेगळे. १९१४ मध्येच किलपॅट्रिक या अमेरिकी प्राध्यापकाने या पद्धतीची चिकित्सा करणारे छोटेसे पुस्तक लिहून तिच्यात कल्पनाशक्तीला आणि मुलांच्या एकत्र खेळाला वाव कमी असल्याचा आक्षेप घेतला. मारियाबाईंचा कल मात्र आता सगळे आपल्या मुठीत ठेवण्याकडे होता. शिक्षक त्यांनीच तयार करायचे, साहित्य त्यांच्याच संमतीचे, त्यात फेरफार चालणार नाही. पद्धत बिघडू नये ही काळजी खरी होती. पण इतरांच्या शाळांना ज्या बाईने परीक्षेला बसवले, तिने आपली शाळा परक्या परीक्षकापुढे सहसा ठेवली नाही. बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला हे खटकते. नोंद करणारा हात आणि तपासणारा हात वेगळा लागतो. नोंद करणारा लबाड असतो म्हणून हा नियम नाही, स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही म्हणून तो आहे.

त्यांच्या चुकाही लहान नव्हत्या. १९२४ नंतर त्यांनी मुसोलिनीचा आश्रय घेतला. दहा वर्षांनी तो संबंध तुटला, इटलीतल्या शाळा बंद झाल्या आणि त्या स्पेनमार्गे हॉलंडला गेल्या. आता मारिओ सोबत होता. आजी वारल्यावर तो आईकडे आला होता, पण जगाला तो भाचा म्हणूनच ठाऊक होता.

१९३९ च्या नोव्हेंबरात मायलेक मद्रासच्या अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून आले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि हे दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारियाबाईंना अड्यारच्या आवारात थांबवले गेले आणि मारिओची रवानगी आपल्या अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत झाली. दोन महिन्यांनी, आईच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइसरॉयने त्याला सोडले. त्या संदेशात मारिओचा उल्लेख मुलगा म्हणून होता. १९४६ पर्यंत त्या इथे राहिल्या, त्यांनी शेकडो शिक्षक तयार केले. पुढे पुन्हा येऊन गेल्या. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पद्धतीला महाराष्ट्रात ज्यांनी खऱ्या अर्थाने कसोटीला लावले त्या ताराबाई मोडक. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला त्यांनी ही पद्धत आत्मसात केली होती. १९४५ मध्ये बोर्डीला आल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की परदेशी धर्तीचे महाग साहित्य गावात चालणार नाही. मग शिंपले, बिया, खडे कामी आले. बालवाडी अंगणात गेली, आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने गुरे राखणाऱ्या मुलांपाशी कुरणातही गेली. मूळ तत्त्व राखून बाकी सगळे बदलता येते, हे त्यांनी करून दाखवले.

आणि ती जुनी फट? ती बुजायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात सरकारी मॉण्टेसरी शाळेत जागांपेक्षा अर्ज जास्त येत, म्हणून सोडत काढत. चिठ्ठी लागलेले आणि न लागलेले, दोन्ही घरांतले पालक सारखेच उत्सुक. फरक फक्त नशिबाचा. अँजेलिन लिलार्ड आणि निकोल एल्स-क्वेस्ट यांनी या दोन गटांतल्या मुलांची तुलना २००६ मध्ये प्रसिद्ध केली. पाच वर्षांची मॉण्टेसरीतली मुले अक्षरओळख, गणित आणि आत्मनियंत्रणात पुढे होती. बारा वर्षांच्या मुलांचे निबंध अधिक कल्पक होते, शुद्धलेखन मात्र दोन्हीकडे सारखेच. २०२५ मध्ये अशाच सोडतींच्या आधारे २४ सरकारी शाळांशी संबंधित ५८८ मुलांचा अभ्यास आला. सहाव्या वर्षाच्या सुमारास मॉण्टेसरीतली मुले वाचन, स्मरण आणि आत्मनियंत्रणात पुढे दिसली, आणि दरडोई खर्चही कमी आला. बाईंच्या हयातीत न झालेला हिशेब परक्या हातांनी तपासला आणि तो बऱ्याच अंशी जुळला.

पण याला एक पुरवणी आहे. लिलार्ड यांच्याच २०१२ च्या अभ्यासात मूळ पद्धत काटेकोर पाळणाऱ्या वर्गांतली मुले पुढे गेली. नाव मॉण्टेसरीचे, पण साहित्यात इकडचे-तिकडचे मिसळलेले, अशा वर्गांना तो लाभ झाला नाही. हे नाव कुणाच्या मालकीचे नाही. अमेरिकेत १९६७ मध्येच तसा निवाडा झाला. आपल्याकडेही पाटी कुणीही लावू शकतो.

म्हणून फाटकावरचा रंग पाहून भुलू नये. आत जाऊन तासभर शांत बसावे. मुले आपले काम आपण निवडतात का, एखादे मूल त्यात रमले तर त्याला रमू देतात का, की तीन वर्षांच्या पोराकडून ओळीत बसून पाढे घोकून घेतात, ते पाहावे. प्रवेशाच्या वेळी शाळा मुलाची चाचणी घेते, तेव्हा आईवडिलांनीही शाळेची घ्यावी. मारियाबाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी रोममध्ये तेच केले होते, आणि तो हक्क त्यांनी आपल्यालाही दिला आहे.