महीपती ताहराबादकर : चरित्र आणि नामनोंद

मराठी संतचरित्रकारांत महीपतींचे स्थान निर्विवाद आहे. मात्र त्यांचे नाव तालिकेत कोणत्या पदाखाली नोंदवावे हा प्रश्न तितकासा निर्विवाद नाही, आणि त्याचे मूळ त्यांच्या चरित्रातच आहे.

महीपतींचा जन्म १७१५ मध्ये राहुरी तालुक्यातील ताहराबाद येथे, देशस्थ ऋग्वेदी कुळात झाला. वडील दादोपंत, गावचे कुलकर्णीपण घराण्यात वंशपरंपरेने चालत आले होते. आडनाव कांबळे. आज हे आडनाव ज्या समाजांत प्रामुख्याने आढळते त्यांवरून या घराण्याचा तर्क कोणी करणार नाही. पण परंपरेत ते असेच नोंदलेले आहे. म्हणजे एकाच पुरुषाला व्यक्तिनाम, पितृनाम, आडनाव, वृत्तिनाम आणि ग्रामनाम अशी पाच पदे लाभली. ग्रंथकार म्हणून त्यांनी वापरले ते एकच. अध्यायसमाप्तीच्या ओव्यांत महीपती हीच मुद्रा येते. आडनावाची त्यांना गरज भासली नाही.

त्यांनी कुलकर्णीपण सोडल्याची कथा प्रसिद्ध आहे. पूजेत असताना जहागीरदाराचे बोलावणे आले. ते पूजा आटोपूनच गेले, परतल्यावर लेखणी देवापुढे ठेवली आणि पुढे ती संतचरित्रांखेरीज कशासाठी उचलायची नाही असा निश्चय केला. कथेचे तपशील परंपरेचे आहेत, हे ध्यानात ठेवावे. तरीही ज्याने वृत्तीचा असा त्याग केला त्याची नोंद ‘कुलकर्णी, महीपती दादोपंत’ अशी करणे विपरीतच ठरेल.

तुकारामांनी स्वप्नात दिलेल्या आज्ञेला महीपती आपल्या लेखनाची प्रेरणा मानीत. ‘संतलीलामृत’ १७५७ मध्ये, सत्तावन्न अध्यायांचा ‘भक्तविजय’ १७६२ मध्ये आणि एक्कावन्न अध्यायांचा ‘भक्तलीलामृत’ १७७४ मध्ये पूर्ण झाला. ‘संतविजय’ अपुरा राहिला. नाभाजी आणि उद्धवचिद्घन या पूर्वसूरींचे ऋण त्यांनी स्पष्टपणे मान्य केले आहे. त्या काळी आधाराचा असा निर्देश अपवादानेच आढळतो.

या ग्रंथांत नामनोंदीचा प्रश्न दुसऱ्या रूपाने भेटतो. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी यांच्या नावांतील दुसरे पद व्यवसायाचे किंवा ज्ञातीचे निदर्शक आहे. अंत्यपद म्हणजे आडनाव असे गृहीत धरून ‘कुंभार, गोरा’ अशी नोंद केली, तर विशेषणाला कुळाचा दर्जा मिळतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची कथाही महीपतींनी सांगितली आहे. तेथे अडचण उलट दिशेने येते : उपाधी आरंभी असल्याने ‘शेख’खाली शोधावे की ‘महंमद’खाली? उलट, तुकारामांचे आडनाव मोरे असे सर्वज्ञात असूनही ‘मोरे, तुकाराम बोल्होबा’ येथे कोणी वाचक जाणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या भारतीय व्यक्तींची नोंद व्यक्तिनामाच्या पहिल्या पदाखाली करावी, असा १९७८ च्या सुधारित आंग्ल-अमेरिकन तालिका संहितेचा दंडक होता. आडनाव हे पुढील काळातील ग्रंथकारांसाठी. महीपतींच्या बाबतीत हा दंडक योग्यच म्हटला पाहिजे. जस्टिन ॲबट आणि नरहर गोडबोले यांच्या १९३३ च्या इंग्रजी ‘भक्तविजया’तही ग्रंथकर्ता केवळ महीपती या नावानेच ओळखला जातो.

परंतु आद्यपद ठरल्यानेही प्रश्न सुटत नाही. ‘मही’ आणि ‘पति’ यांच्या समासामुळे संस्कृतात ‘महीपति’ हे रूप होते. मराठी लेखनात अंत्य इकार दीर्घ होतो. छापील पुस्तकांतून महीपति, महिपति, महीपती, महिपती अशी चारही रूपे आढळतात. वर्णानुक्रमात ऱ्हस्व ‘हि’ दीर्घ ‘ही’च्या आधी येत असल्याने ‘महिमा’, ‘महिला’ यांसारखी पदे मध्ये शिरतात आणि एकाच ग्रंथकाराची पुस्तके दोन ठिकाणी विखुरतात. रोमन लिपीत स्वरचिन्हे वगळली की हा भेद नाहीसा होतो, म्हणून परदेशी तालिकेत जी अडचण जाणवत नाही ती मराठी तालिकेत पदोपदी जाणवते. तेव्हा ‘महीपती’ हे एक रूप निश्चित करून उरलेली तीन रूपे, तसेच ‘ताहराबादकर’ व ‘कांबळे’ ही पदे, तेथे निर्देश करणाऱ्या नोंदींनी जोडावीत. ‘ताहराबादकर’ हे पद तर कीर्तनकार-वारकऱ्यांच्या तोंडी आहेच, त्यामुळे ते वगळता येणार नाही. ज्या जिल्ह्यात ताहराबाद येते त्या अहमदनगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. ग्रामनामाच्या नोंदीत आता तोही निर्देश लागेल.

महीपतींचे देहावसान १७९० मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी झाले. ‘संतविजय’ त्या वेळी सव्विसाव्या अध्यायापर्यंत आला होता.