रमाबाई रानडे यांची इंग्रजीची शिकवणी

1873 सालच्या डिसेंबरात महादेव गोविंद रानडे यांचा दुसरा विवाह झाला. वर एकतीस वर्षांचे, वधू अकराची. आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची यमुना रानड्यांच्या घरी येऊन रमा झाली. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून कुमारिकेशी लग्न लावले, याबद्दल त्यांच्यावर बरीच टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. नववधूला मात्र या वादाची गंधवार्ताही नसावी. तिला अक्षरओळख नव्हती. मुलींनी शिकू नये अशीच तिच्या माहेरची समजूत होती.

रानड्यांनी लग्नानंतर लगेच पाटी-पेन्सिल आणून मुळाक्षरांपासून आरंभ केला. मराठी वाचन-लेखन थोडे बसल्यावर ट्रेनिंग कॉलेजातील एक शिक्षिका शिकवावयास येऊ लागल्या. इंग्रजीचा श्रीगणेशा झाला तो नाशिकात. 1878 मध्ये रानड्यांची तेथे बदली झाली आणि पुण्याच्या मोठ्या एकत्र कुटुंबापासून दूर, प्रथमच स्वतंत्र संसार मांडता आला. संसाराचा सारा भार सोळा वर्षांच्या रमाबाईंवर होता. तरी त्यातून वेळ काढून त्या धडा तयार करीत आणि न्यायाधीश पती त्यांचा शिक्षक होई. मराठी माणसाला इंग्रजीचा पहिला टप्पा अवघड जातो, कारण बालबोधीत जसे लिहावे तसे वाचावे हा नियम तेथे लागू पडत नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटून उठून मध्ये येऊन बसते आणि आपल्या भाषेत मुळीच नसलेली उपपदे नामाच्या आधी पहारा देत उभी राहतात. चिकाटी असली की या अडचणी सुटतात. रमाबाईंची खरी अडचण व्याकरणाबाहेरची होती.

1881 च्या सुमारास रानडे पुन्हा पुण्यास आले, आणि रमाबाईही सासू-नणंदांच्या घरात परतल्या. त्या काळच्या वडीलधाऱ्या बायकांच्या दृष्टीने सुनेने इंग्रजी शिकणे म्हणजे धर्म आणि मर्यादा दोन्ही सोडणे. वाचायचे ते नवऱ्यापुढे माडीवर वाचावे, खाली त्याचा उच्चारही नको, असा घरचा कटाक्ष होता. टोमणे रोजचे होते. त्यातच मिस हरफर्ड नावाच्या मिशनरी बाई इंग्रजी शिकवण्यास येऊ लागल्या. पंडिता रमाबाईही त्याच बाईंकडे इंग्रजी शिकल्या. ख्रिस्ती बाईंजवळ बसल्याचा विटाळ म्हणून प्रत्येक धड्यानंतर रमाबाईंनी स्नान करावे, असा घरातल्या बायकांचा आग्रह पडला. त्यांनी तोही मानला. शब्दार्थ पाठ करावेत, वाक्ये उतरवावीत आणि मग गार पाण्याने अंग धुवावे, असा तो अभ्यासक्रम होता!

या काळात त्यांनी घरात उलट उत्तर दिल्याचे दिसत नाही. आजच्या वाचकाला हे सोसणे दुबळेपणाचे वाटू शकेल. परंतु भांडण झाले असते तर शिकवणी बंद पडण्याचाच संभव अधिक होता. त्यांनी बोलणी ऐकून घेतली आणि धडा मात्र एकही सोडला नाही. पतीचा पाठिंबा असला तरी दिवसभर स्वयंपाकघरात ते नसत. तेथले मौन एकट्या रमाबाईंचे होते.

1884 मध्ये या अभ्यासाची परीक्षा चारचौघांत झाली. मुलींसाठी हायस्कूल काढण्याचा विचार पुण्यात चालला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर त्या मागणीचे इंग्रजी निवेदन रमाबाईंनी वाचून दाखवले. मजकूर रानड्यांनी तयार करून दिला होता, तरी परकी भाषा भरसभेत नीट उच्चारणे हे वाचणारीचेच काम. घरी परतल्यावर कौतुकाऐवजी बोलणीच वाट्याला आली. त्याच वर्षी सप्टेंबरात हुजूरपागेची शाळा सुरू झाली.

पुढे 1886 मध्ये सरकारी समितीच्या कामासाठी रानडे कलकत्त्यास गेले, तेव्हा रमाबाई बरोबर होत्या. बंगाली वर्तमानपत्र आपणांस वाचता येत नाही याची रानड्यांना खंत वाटली आणि त्यांनी बंगाली पुस्तके आणली. दाढी करावयास आलेल्या न्हाव्यालाच ते शब्द विचारू लागले. रमाबाईंना याचे हसू आले खरे, पण थोड्याच दिवसांत त्याही बंगाली वाचू लागल्या.

1901 च्या जानेवारीत रानडे निवर्तले. रमाबाई काही काळ बाह्य जगापासून दूर राहिल्या. 1904 मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि 1909 मध्ये पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले. लहानपणी शाळा न मिळालेल्या प्रौढ स्त्रिया, विधवा आणि संसारातून तासभर सवड काढून येणाऱ्या गृहिणी तेथील वर्गांत बसू लागल्या. पुढे काहींनी शिक्षिकेचे, काहींनी परिचारिकेचे शिक्षण घेतले. 1910 मध्ये रमाबाईंचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. माडीवरची शिकवणी आणि खालचे टोमणे त्यात आहेत, मात्र टोमणे मारणाऱ्यांविषयी कडवटपणा फारसा आढळत नाही. 1924 मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर सेवासदनाचे वर्ग चालवणे हेच त्यांचे मुख्य काम होते.