वास्तुशिल्पी मिनेट डिसिल्व्हा

कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहताना मन थक्क होते. काळ्या घडीव दगडांची ती भव्य वास्तू इ. स. १८७७ ते १८८४ या काळात उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँट या वास्तुशिल्पीने तयार केला होता. आपल्याकडे कोणतेही मोठे बांधकाम चालू असले, की पाथरवट दगड घडवितो, गवंडी ओळंबा लावतो, सुतार चौकटी बसवितो आणि मालाने भरलेली घमेली डोक्यावरून वाहून नेण्याचे काम बहुधा स्त्रिया करतात. घराला घरपण स्त्रीमुळे येते असे आपण म्हणतो. घर बांधतानाचे ओझेही तीच वाहते. परंतु घर कसे असावे हे ठरविणारा नकाशा मात्र शतकानुशतके पुरुषांच्याच हाती राहिला. तो नकाशा आपल्या हाती घेणाऱ्या आशियातील पहिल्या काही स्त्रियांमध्ये मिनेट डिसिल्व्हा यांची गणना होते. त्या जन्माने सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या. पण त्यांच्या विद्येचा पाया घातला गेला तो मुंबईत.

मिनेट यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१८ रोजी कँडी या डोंगरांनी वेढलेल्या गावी झाला. त्यांचे वडील जॉर्ज डिसिल्व्हा हे वकील असून सिलोनच्या राष्ट्रीय चळवळीतील पुढारी होते. आई ॲग्नेस यांनी स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून खटपट केली आणि १९३१ साली सिलोनच्या स्त्रियांना तो मिळालाही. अशा घरात वाढलेल्या मुलीला, अमुक काम स्त्रीचे नव्हे, हा विचार पटणे शक्यच नव्हते. लहानपणीच त्यांनी वास्तुशिल्पी होण्याचा निश्चय केला.

निश्चय झाला, पण मार्ग सोपा नव्हता. सिलोनमध्ये हे शिक्षण मिळण्याची सोय नव्हती. शिवाय आवश्यक ती प्रवेशपरीक्षा मिनेट उत्तीर्ण झालेल्या नव्हत्या. वडिलांचे मन मोठ्या प्रयासाने वळवून त्या मुंबईस आल्या आणि मिस्त्री व भेदवार यांच्या कचेरीत उमेदवारी करू लागल्या. तेथे त्यांना एक मोलाची मैत्रीण भेटली. तिचे नाव पेरीन मिस्त्री. भारतात वास्तुशास्त्राची पदविका मिळविणारी पहिली स्त्री म्हणून पेरीन यांचे नाव घेतले जाते. त्यांनी ती १९३६ साली मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतून मिळविली होती. ज्या वाटेवर एक स्त्री पुढे चाललेली दिसते, ती वाट दुसरीला तितकी भयावह वाटत नाही. पुढे मिनेट यांनाही त्याच विद्यालयात प्रवेश मिळाला.

तो काळ स्वातंत्र्यलढ्याचा होता. १९४२ साली महात्मा गांधींना अटक झाली आणि सारी मुंबई पेटून उठली. गांधीजींच्या सुटकेची मागणी करणाऱ्या मोर्चात मिनेट सामील झाल्या. विद्यालयाने त्यांना क्षमापत्र लिहून देण्यास सांगितले. दोन ओळी लिहिल्या असत्या, तर अभ्यासक्रम निर्वेध चालू राहिला असता. पण जे कृत्य आपण योग्य समजून केले, त्याबद्दल क्षमा कशी मागावी? मिनेट यांनी क्षमापत्र लिहिण्याचे नाकारले आणि त्यांना विद्यालय सोडावे लागले. ज्या पदवीसाठी घर सोडले, समुद्र ओलांडला, ती आता हातची गेली असे दिसू लागले.

परंतु विद्यालयाचे दार बंद झाले, तरी विद्येचे दार बंद होत नाही. नाझींच्या छळामुळे जर्मनीतून परागंदा झालेले ऑटो कोनिग्सबर्गर हे वास्तुशिल्पी त्या वेळी म्हैसूर संस्थानच्या सेवेत होते. त्यांच्या बंगलोर येथील कचेरीत मिनेट यांनी काम केले आणि त्या अनुभवाच्या बळावर त्या उरलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेल्या. १९४६ साली मुल्कराज आनंद यांनी मुंबईत कलेला आणि वास्तुशास्त्राला वाहिलेले ‘मार्ग’ हे नियतकालिक सुरू केले, तेव्हा त्या कामी मिनेट आणि त्यांची बहीण अनिल या दोघींचा हातभार लागला.

जगातील आधुनिक वास्तुशिल्पींनी १९२८ साली एक संघटना स्थापन केली होती. तिची परिषद सप्टेंबर १९४७ मध्ये इंग्लंडमधील ब्रिजवॉटर येथे भरली. दुसऱ्या महायुद्धानंतरची ही पहिलीच परिषद. युरोपातील नगरे बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झाली होती. ती पुन्हा कशी उभारावी, सामान्य माणसाला चांगले घर कसे द्यावे, या प्रश्नांचा विचार करण्यास थोर थोर वास्तुशिल्पी जमले होते. त्या सभेत स्त्रिया अगदी थोड्या आणि आशियातील प्रतिनिधी तर त्याहूनही विरळ. अशा ठिकाणी, भारत स्वतंत्र होऊन महिनाही लोटला नव्हता तेव्हा, मिनेट भारत आणि सिलोन यांच्या वतीने उपस्थित राहिल्या. पुढे चंदीगड नगराची रचना करणारे ल कॉर्ब्युझिए यांच्याशी त्यांचा स्नेह जडला आणि पत्रांच्या द्वारे तो दीर्घकाळ टिकला. १९४८ साली त्या ब्रिटिश वास्तुशिल्पींच्या राजमान्य संस्थेच्या सदस्य झाल्या. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या आशियाई स्त्री होत.

त्याच वर्षी सिलोन स्वतंत्र झाले. आता आपली विद्या स्वदेशाच्या कामी यावी, अशी वडिलांची इच्छा होती. युरोपातील कीर्तीचा मोह बाजूला सारून मिनेट कँडीला परतल्या. तेथे डोंगराच्या उतारावर त्यांनी करुणारत्न कुटुंबासाठी एक घर बांधले. एका स्त्रीने आखलेले घर लोकांनी त्या देशात तोवर पाहिले नव्हते. मिनेट यांनी काँक्रीट आणि काच यांचा उपयोग केला. पण परदेशातील नमुना जसाच्या तसा आणला नाही. कँडीच्या परिसरातील विणकर, कुंभार आणि लाखकाम करणारे कारागीर यांना त्यांनी जवळ केले. दुम्बराच्या चटयांची वीण आणि लाखेने रंगविलेले कठडे त्या नव्या घरात दिसू लागले. नवी विद्या आणि जुने हात यांची त्यांनी गाठ घालून दिली.

कँडीजवळ वटपुलुव येथे सुमारे २५० घरांची वसाहत बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी आणखी एक नवी गोष्ट केली. नकाशे काढण्यापूर्वी त्यांनी भावी रहिवाशांना प्रश्न विचारले : कुटुंबात माणसे किती, स्वयंपाकाची पद्धत कोणती, देवधर्म कसा, मिळकत किती? निरनिराळ्या धर्मांच्या लोकांची उत्तरे ऐकून मगच घरांचे प्रकार ठरविले. परिषदेत ज्यांना तज्ज्ञांनी मानाने ऐकून घेतले, त्यांनी घरी परतल्यावर सामान्य माणसाचे म्हणणे तितक्याच आदराने ऐकून घेतले.

मिनेट यांचा उत्तरकाळ मात्र कष्टाचा गेला. कामे दुर्मिळ झाली. कीर्ती दुसऱ्यांच्या वाट्याला गेली. काही वर्षे त्यांनी हाँगकाँग येथील विद्यापीठात आशियातील वास्तुकलेचा इतिहास शिकविला. १९९६ साली श्रीलंकेच्या वास्तुशिल्पी संस्थेने त्यांना सुवर्णपदक अर्पण केले, आणि १९९८ साली कँडी येथे त्यांचे देहावसान झाले.

मिनेट ज्या काळी परिषदेला गेल्या, त्या काळी स्त्री-वास्तुशिल्पींचा असा स्वतंत्र मेळावा नव्हता. १९६३ साली पॅरिस येथे त्यांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. १९७६ साली इराणमधील रामसर येथे देशोदेशीच्या स्त्री-वास्तुशिल्पी एकत्र आल्या आणि चंदीगडच्या उभारणीत काम केलेल्या युली चौधरी तेथे उपस्थित होत्या. २००० साली तर दक्षिण आशियातील स्त्री-वास्तुशिल्पींची परिषद खुद्द मुंबईत भरली. क्षमापत्र न लिहिल्याबद्दल एका विद्यार्थिनीला ज्या नगरीत विद्यालय सोडावे लागले होते, तीच ही नगरी. ती परिषद पाहण्यास मिनेट हयात नव्हत्या. परंतु पेरीनच्या पावलांवर मिनेट यांनी पाऊल ठेवले, त्यांच्यामागून आणखी किती तरी जणी आल्या, आणि एकेकाळची पाऊलवाट आता हमरस्ता होऊ लागली आहे.