मातांचा कैवारी

व्हिएन्ना ही ऑस्ट्रियाची राजधानी. एकोणिसाव्या शतकात तेथील सार्वजनिक रुग्णालयाची कीर्ती साऱ्या युरोपात पसरली होती. या रुग्णालयात एक विशाल प्रसूतिगृह होते. गोरगरीब स्त्रिया मोठ्या आशेने तेथे येत. परंतु त्यांपैकी कितीतरी जणी बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत तापाने फणफणून प्राण सोडीत. कित्येकदा आईच्या पाठोपाठ तिचे तान्हे मूलही दगावे. या रोगाला सूतिकाज्वर असे म्हणतात. त्याचे खरे कारण त्या काळी तेथील कोणाही वैद्याला उमगले नव्हते. ते शोधण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते थोर पुरुष म्हणजे डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस होत.

सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा या नगरात एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी झाला. १८३७ साली ते कायद्याच्या अभ्यासासाठी व्हिएन्नास गेले. पण लवकरच त्यांचे मन वैद्यकाकडे ओढले गेले. १८४४ साली ते डॉक्टर झाले आणि १८४६ साली त्याच प्रसूतिगृहात साहाय्यक म्हणून रुजू झाले.

प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुईणींना शिक्षण मिळे. स्त्रियांना कोणत्या विभागात घ्यावयाचे, हे वारावर ठरे. पहिल्या विभागाचा वार आहे असे कळताच कित्येक स्त्रिया हात जोडून दुसऱ्या विभागात घेण्याची विनवणी करीत. ते दृश्य पाहून सेमेलवाइस यांचे हृदय पिळवटून जाई.

स्त्रियांचे हे भय निराधार होते काय? सेमेलवाइस यांनी रुग्णालयाच्या नोंदवह्या उघडल्या. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ बाळंतपणे झाली व १,९८९ माता मरण पावल्या. म्हणजे शंभरांत जवळजवळ दहा. दुसऱ्या विभागात १७,७९१ बाळंतपणांत ६९१ माता दगावल्या. म्हणजे शंभरांत चारांहूनही कमी. दूषित हवेमुळे हा रोग होतो असे पुष्कळ वैद्य मानीत; पण दोन्ही विभागांची हवा एकच होती. गर्दीला दोष द्यावा, तर दुसऱ्या विभागातच गर्दी अधिक असे. एकामागून एक सर्व तर्क आकड्यांपुढे कोसळले.

इतक्यात, मार्च १८४७ मध्ये, त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेट्श्का यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदन चालू असता एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या देहात आढळलेली लक्षणे सूतिकाज्वराने मेलेल्या मातांसारखीच होती. सेमेलवाइस यांच्या मनात लख्ख प्रकाश पडला. पहिल्या विभागातील डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच मातांना तपासावयास येत. त्यांच्या हातांवरील प्रेताचा विषारी अंशच मातांच्या शरीरात शिरत होता! सुईणी शवविच्छेदन करीत नसत. म्हणून त्यांच्या विभागात मृत्यू कमी होते.

जुनी दप्तरेही हीच साक्ष देत होती. १७८४ ते १८२२ या काळात तेथे ७१,३९५ बाळंतपणांत ८९७ माता दगावल्या होत्या. म्हणजे शंभरांत एकीपेक्षा थोड्या अधिक. १८२३ पासून शवविच्छेदनाचा अभ्यास वाढला आणि पुढील दहा वर्षांत हे प्रमाण शंभरांत पाचांच्या वर गेले.

सेमेलवाइस स्वतः मोठ्या निष्ठेने शवविच्छेदन करीत. आपल्याच हातांनी कित्येक मातांना मृत्यूच्या दारी नेले, हे जाणून त्यांना असह्य यातना झाल्या. तरीही त्यांनी हे सत्य लपविले नाही. मे १८४७ मध्ये त्यांनी नियम केला, की प्रत्येकाने क्लोरीनच्या पाण्याने हात धुतल्यावाचून कोणत्याही मातेस स्पर्श करू नये. एप्रिल महिन्यात ३१२ मातांपैकी ५७ दगावल्या होत्या. जुलै महिन्यात २५० पैकी केवळ तीन दगावल्या. १८४८ सालच्या मार्च व ऑगस्ट या महिन्यांत तर पहिल्या विभागात एकही माता मृत्यू पावली नाही.

परंतु आपलेच हात दोषी आहेत, हे अनेक ज्येष्ठ वैद्यांना मानवले नाही. १८४९ साली सेमेलवाइस यांची नेमणूक संपली व ती पुढे चालू ठेवण्यात आली नाही. पुढल्या वर्षी ते हंगेरीत परतले. पेस्ट येथील रुग्णालयात त्यांनी तोच नियम कसोशीने पाळला. सुमारे सहा वर्षांत ९३३ बाळंतपणांत अवघ्या आठ माता या रोगाने दगावल्या. मात्र आपले संशोधन सविस्तर लिहून काढण्यास त्यांनी विलंब केला. त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध होण्यास १८६१ साल उजाडले. विरोधकांना त्यांनी लिहिलेली जळजळीत पत्रे वाचून लोक अधिकच दुरावले. अखेर त्यांचे मन ढळले. त्यांना व्हिएन्नातील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, जखम चिघळून त्यांचा अंत झाला.

पुढे १८७९ साली लुई पाश्चर यांनी सूतिकाज्वराचे जंतू दाखवून दिले आणि सेमेलवाइस यांचे म्हणणे जगाला पटले. १९६९ साली बुडापेस्ट येथील वैद्यकीय विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

मुलांनो, त्या नोंदवह्या सेमेलवाइस येण्यापूर्वीही रुग्णालयात होत्याच. प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू त्यांत लिहिला जात होता. परंतु त्या अंकांमागील मातांचा आक्रोश ऐकणारा तोवर कोणी भेटला नव्हता. आज कुपवाडसारख्या आपल्या वस्तीत आरोग्यसेविका घरोघरी येते, गरोदर मातेची विचारपूस करते, तान्ह्या बाळाचे वजन व लसीची तारीख लिहून घेते. तिने विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे देणे हे आपले कर्तव्य आहे. कारण नीट लिहिलेला आणि लक्षपूर्वक वाचलेला एखादा आकडाही कोण्या मातेचे प्राण वाचवू शकतो.